सबवूफरला दिलेला कोपरा

आमच्या हॉलमधल्या सोफ्याची मधली जागा माझी आहे. तशी पाटी कुठे लावलेली नाही, पण घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दिवसभराची शिलाई आटोपली की मी तिथे बसते, टीव्ही अगदी समोर येतो, आणि मालिका संपेपर्यंत मला कोणी हलवत नाही. त्या शुक्रवारी मी भाजी घेऊन घरात आले, तर माझ्या जागेवर एक काळा खोका बसला होता. खाली घडी घातलेली चादर, चादरीवर माझा धुतलेला टॉवेल, आणि त्यावर तो. त्याच्यापुढे माझा नवरा दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे फरशीला टेकून रांगत होता.

खोक्यातून धुम्म, धुम्म असा एकच आवाज पुन्हा पुन्हा येत होता. आमचे हे भिंतीच्या कडेने रांगायचे, थांबायचे, मान वाकडी करून फरशीजवळ कान न्यायचे, डोळे मिटायचे आणि परत पुढे सरकायचे. माझं कानातलं याच हॉलमध्ये पडलं होतं, तेव्हा याच माणसाने उभ्या उभ्या इकडेतिकडे बघितलं होतं आणि "सापडंल की, कुठं जातंय" म्हणून चहा मागितला होता.

"काय हरवलंय?" मी विचारलं.

"थांब मल्ली, बोलू नको जरा. जागा हुडकायलोय."

"कुणाची?"

"ह्याची." त्यांनी खोक्याकडे बोट केलं.

"त्याला तर माझी दिलीत की."

हे हसले नाहीत. उठून, गुडघे झटकून मला समजावू लागले. टीव्हीपाशी मांडलेले लहान स्पीकर गाण्यासाठी, आणि हा सबवूफर. नुसता खालचा, जाड आवाज काढतो. तो कुठेही ठेवून चालत नाही, खोलीत एखाद्या ठिकाणीच त्याचा आवाज नीट भरतो. ते ठिकाण कसं शोधायचं, तर खोका माणसाच्या जागेवर ठेवायचा आणि माणसाने खोक्यासाठी रांगत फिरायचं. जिथे आवाज भरून येईल तिथे खोका मांडायचा. मग सोफ्यावर बसणाऱ्याला अगदी तसाच आवाज ऐकू येतो. मोबाइलवर व्हिडिओत दाखवलं होतं म्हणे.

हे शेती खात्यात क्लार्क आहेत. नाव चन्नवीर, पण वीरपणाचं काम यांनी आजवर काही केलेलं नाही. सकाळी लिंगपूजा, मग ऑफिस, संध्याकाळी पेपर, आणि बोलणं म्हणाल तर मोजून मापून. अशा माणसाने न विचारता, न सांगता एवढे स्पीकर घरात आणावेत आणि त्यांच्यासाठी रांगावं, याचं कारण मला कोणी सांगायची गरज नव्हती. कारणाचं नाव नागरत्ना होतं आणि ते रविवारी आमच्या घरी येणार होतं.

नागरत्ना यांच्याबरोबर कलबुर्गीच्या कॉलेजात होती. ती स्टेजवर कन्नड वचनं गायची, हे तिच्यामागे तबला धरायचे. लग्न ठरताना मला सांगितलं होतं, मुलगा तबला वाजवतो. मुलगी विणकाम करते म्हणून सांगतात ना, तसंच ते मी धरलं. तबला कॉलेजचा होता, तो कॉलेजातच राहिला. आमच्या घरात यांनी कधी डबासुद्धा वाजवला नाही. मीही विचारलं नाही. आणि आता एवढ्या वर्षांनी या बाईच्या भावाला घरात जुनी कॅसेट सापडली, त्याने ती मोबाइलमध्ये उतरवली, आणि बाईंनी ती यांना पाठवली. सोबत एक फोटो. मग फोन. मग "बिदरला लग्नाला येतेय, रविवारी सकाळी तुझ्याकडे येते, मिळून ऐकू या."

तो फोटो मी बघितला होता. स्टेजवर पुढे ती, हातात माईक. ब्लाउज खांद्यात चढलेला आणि बाहीला उगीच फुगा. कोणी शिवला होता कोण जाणे. चेहरा बरा होता, खोटं कशाला बोलू. हे मागे तबल्यापाशी बसलेले, सडपातळ, डोक्यावर भरपूर केस. त्यानंतर दोन-तीनदा मी यांना तो फोटो बोटांनी मोठा करून बघताना पकडलं. मी मागून गेले की मोबाइलवर फक्त तिच्या साडीचे काठ दिसायचे.   एखादा माणूस सिनेमानटीचा फोटो मोठा करून बघतो तेव्हा बायकोला हसू येतं. साडीच्या काठात रमलेला नवरा बघून हसू येत नाही.

रांगता रांगता हे माझ्या कोपऱ्यात पोचले. खिडकीखाली माझं शिलाई मशीन आहे. सबंध नौबाद वस्तीतल्या बायकांचे ब्लाउज त्या खिडकीच्या उजेडात शिवलेत मी. काळ्या कापडावर काळा दोरा त्या एकाच जागी दिसतो. हे मशीनच्या पायापाशी वाकले, कान लावला, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"हितं!" हे म्हणाले. "हितं भरायलंय बघ. बाकी कुठं न्हाई एवढं."

"हितं माझी मशीन हाय."

"मागच्या खोलीत नेऊ की. दोन दिवसाचा तर सवाल."

"मागच्या खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो. तिथं शिवू का मी?"

"मल्ली, दुसरीकडं नुसतं घुमतंय गं. आवाज नीट लागत न्हाई."

"कुणासाठी एवढा नीट लावायलात?" मी विचारूनच टाकलं. "तुम्हाला आजपोत्तर बातम्या त्या जुनाट टीव्हीवरच चालल्या की."

यांनी मशीनच्या चाकाला उगीच हात लावला आणि काढून घेतला. मी पुढे म्हणाले, "ती येणार, माझ्या जागेवर बसणार, आणि तिला नीट ऐकू यावं म्हणून माझी मशीन अंधारात जाणार. बरोबर का?"

"तसं न्हाई," हे म्हणाले.

"मग कसं?"

हे परत सोफ्यावरच्या खोक्याकडे बघायला लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी भाजीची पिशवी तिथेच टाकली आणि मशीनवर जाऊन बसले. बसले ती बसलेच. समोर शिवायला काही नव्हतं, तरी एका चिंधीवर उगीच टीप मारत राहिले. हे खोका उचलायला सोफ्यापाशी गेले, मग काय वाटलं कोण जाणे, तसाच ठेवून स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले. त्या संध्याकाळी मी माझी मालिका सोफ्याच्या कडेला बसून बघितली. मधे सवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवारची सुट्टी. शेजारची राजश्री ब्लाउज घालून बघायला आली. तिच्याशी माझं सगळं बोलणं होतं. तिने आत पाऊल टाकलं, सोफ्याकडे बघितलं आणि तोंडाला पदर लावला.

"वैनी, हे काय? गौर बसवल्यावानी बसवलंय की."

"कुणाची तरी आरती व्हायचीय उद्या," मी म्हणाले. हे ऐकत होते, म्हणून जरा मोठ्यानेच म्हणाले.

राजश्रीला आरशापुढे उभी करून मी पाठीत टाचण्या लावत होते. ती हळूच म्हणाली, "अवो, माणसाला कशाचा तरी नाद पाहिजेच. आमच्यांनी मासे पाळलेत. घेऊ द्या की."

"माशाला भेटायला कलबुर्गीहून कुणी येत न्हाई," मी म्हणाले आणि टाचणी जरा जास्तच आत गेली. ती "आई गं" म्हणाली.

ती गेल्यावर हे कपडे बदलून आले. वायर कमी पडत होती, ती आणायला गावात निघाले. दारात थांबून म्हणाले, "मल्ली, मशीन राहू दे तिथंच. मी खोका टीव्हीच्या बाजूला ठेवतो. घुमू दे घुमलं तर." एवढं बोलून स्कूटर काढून गेले. भांडण मी जिंकले होते. आनंद मात्र काही होईना. उलट डोक्यात एकच विचार, की एवढं काय आहे त्या बाईच्या गळ्यात, ते आपण आधी ऐकून घ्यावं. उद्या ती समोर बसलेली असताना पहिल्यांदा ऐकायचं म्हणजे तोंडावर काय येईल याचा भरवसा नाही.

यांचा जुना मोबाइल सोफ्यावरच्या खोक्याला जोडून तिथेच ठेवलेला होता. रेकॉर्डिंग समोरच होतं. मी हात पुसले, दार लोटून घेतलं आणि लावलं.

आधी खरखर. मग टाळ्यांसारखं काहीतरी, पण लांबून आल्यासारखं. मी वाट बघत उभी राहिले. गाणं सुरू झालं असावं, पण बाईचा आवाज काही येईना. मी आवाज वाढवला. तरी बाई नाही. मग लक्षात आलं, बाकीच्या स्पीकरांच्या वायरी अजून जोडलेल्याच नाहीत. नुसता सोफ्यावरचा खोका वाजत होता, आणि या खोक्यात बाईचा गळा बसतच नव्हता. तो फक्त खालचं उचलत होता.

खाली डग्गा होता. डाव्या हाताचा.

तबल्यातलं मला काही कळत नाही. पण हाताचं कळतं. कापड कोणी मायेने धरतं आणि कोणी ओढतं, ते मला शिवण बघून सांगता येतं. हा हात घाईचा नव्हता. आवाज यायचा, मग तळहाताने तो दाबत दाबत वर न्यायचा, आणि सोडायचा. मधेच थांबायचा. थांबला की माझा श्वास थांबायचा, आणि आता येणार म्हणेपर्यंत तो भलत्याच जागी यायचा, आणि तीच जागा बरोबर वाटायची. मी उभी होते ती सरकत सरकत मशीनपाशी गेले, स्टुलावर बसले. हे म्हणाले होते ते खरं होतं. त्या कोपऱ्यात तो आवाज असा भरला होता की माझ्या पायाखालची फरशी आणि मशीनच्या खणातली कात्री दोन्ही थरथरत होत्या.

मला फोटो आठवला. मोठा केलेला. साडीचे काठ होते, पण ते कडेला होते. मधे काय होतं ते मी बघितलंच नव्हतं. साडीच्या मागे डग्गा होता आणि डग्ग्यावर यांचा हात.

म्हणजे हा माणूस तिच्यासाठी रांगत नव्हता. तिचा गळा त्या टीव्हीवरही ऐकू आला असता. मोबाइलवरही आला असता. हरवला होता तो हा हात, आणि तो लहान स्पीकरांत कुठेच सापडत नव्हता. म्हणून हे गुडघे टेकून शोधत होते. आणि मला सांगायची लाज वाटली यांना. "माझा हात ऐकायचाय" असं कोणत्या तोंडाने सांगणार? ऑफिसातल्या फायली बांधणारा हात तो.

इथे मी निवळायला हवं होतं. निवळले नाही. उलट आदल्या दिवसापेक्षा जास्त जळाले. बाईच्या गळ्यावर जळत होते तोवर बरं होतं, गळा तिचा, ठेव म्हणावं तुझ्यापाशी. पण हा हात माझ्या नवऱ्याचा होता. याच हाताने मी रोज चहाची कपबशी परत घेते. याच हाताला मी सुईत दोरा ओवायला देते आणि "एवढंही येत न्हाई" म्हणते. आणि तो असा वाजत होता तेव्हा त्याच्यापासून हातभर अंतरावर ती उभी होती, फुग्याच्या बाह्या घालून, आणि मी हळ्ळीखेडला माझ्या मामाच्या घरी काज करायला शिकत होते. तिने तो रोज ऐकला. मला त्यातलं काहीच मिळालं नाही. रेकॉर्डिंग संपलं तेव्हा मला चक्क रडू आलं, रागाचं.

डोळे पुसून मी मशीन ओढलं. एकटीने. पाय फरशीवर करकरले. मागच्या खोलीत नाही नेलं, तेवढी काही मी साधी नाही. हातभर डावीकडे घेतलं. उजेड जरा तिरपा पडणार होता, पण पडणार होता. कोपरा मोकळा झाला. तिथली दोऱ्यांची रिळं, चिंध्या झाडून काढल्या आणि सोफ्यावरचा खोका दोन्ही हातांनी उचलून आणून तिथे ठेवला. अंगाने भलता जड होता. माझं स्टूल त्याला लागूनच मांडलं. आवाज कमी-जास्त करायचं बटण त्याच्या पाठीला होतं, ते स्टुलावरून हाताशी येत होतं.

हे वायर घेऊन आले आणि दारातच उभे राहिले.

"कामून सरकवलीस?"

"लावा तुमचं," मी म्हणाले. "उद्या पाहुणे यायलेत. हुग्गीला गहू भिजवायचाय मला."

 मी स्वयंपाकघरात गेले. यांना काही सांगितलं नाही. तेही सांगत नव्हते, मग मी का सांगू?

रविवारी नागरत्ना आली. आता जाडसर झालेली, केस कापलेले, कलबुर्गीला लेक्चरर. ब्लाउज मात्र सुरेख बसला होता, तेवढंही सुख मला मिळालं नाही. आल्या आल्या "चन्नू!" म्हणाली. चन्नू! यांच्या आईने, सिद्धव्वाने, हयातीत कधी यांना चन्नू म्हटलं नसेल. मला म्हणाली, "अक्का, बऱ्या हायसा ना?" मी तिच्यापेक्षा लहान असून अक्का. मी हसले. गव्हाची गोड हुग्गी वाढली. तिने दोनदा मागून खाल्ली आणि चांगली झाली म्हणाली. माणूस वाईट नव्हती, त्याचाच जास्त त्रास होत होता.

मग ती सोफ्यावर मधल्या जागी बसली. हे कडेला बसले, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत निकालाला बसतात तसे. मी माझ्या स्टुलावर. हातात हेम घालायला एक साडी घेतली होती.

गाणं सुरू झालं. या वेळी सगळे स्पीकर होते. तिचा आवाज हॉलभर पसरला. चांगला होता. कोवळा, स्वच्छ, शब्द न शब्द कळणारा. नागरत्नाने डोळे मिटले आणि मान डोलवू लागली, स्वतःच्याच आवाजावर. आणि माझ्या बाजूच्या कोपऱ्यातून डग्गा उठला. कालचाच हात, पण आता त्याच्यावर गाणं होतं, आणि तो गाण्याला खालून उचलून धरत होता. मी चोरून यांच्याकडे बघितलं. डोळे फरशीवर होते. 

"चन्नू," नागरत्ना डोळे उघडून म्हणाली, "ते खालचं धुमधुम जरा कमी कर की रे. माझे शब्द दबायलेत त्याच्याखाली."

तिला कळलंच नाही. त्या काळात ती रोज या हातापुढे उभी राहून गायली, आणि तिला ते धुमधुम वाटत होतं. हातभर अंतरावर असून तिने काही ऐकलं नव्हतं. मी दोन दिवस कशावर जळत होते?

पण हे उठले. तेच मला सहन झालं नाही. "हो, हो" करत उठले, जसे ऑफिसात साहेबाने बेल मारली की उठत असतील तसे. चेहऱ्यावर हसू आणलेलं. कोपऱ्याकडे येऊ लागले. मी साडी मांडीवर टाकली आणि हात मागे नेऊन बटणावर ठेवला.

"बसा तुमी," मी म्हणाले.

"अगं, जरा कमी..."

"कमी होत न्हाई ते. बिघडलंय." मी नागरत्नाकडे बघून हसले. "हितं बसवलं तवापासून असंच हाय, बाई. एवढंच वाजतं."

आणि बटण वाढवलं. फार नाही, थोडं. कात्री मशीनमध्ये थरथरू लागली. यांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. बटण बिघडलेलं नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं?  तरी हे मागे जाऊन बसले.

"जुन्या रेकॉर्डिंगला असंच होतं," नागरत्ना म्हणाली आणि पुन्हा डोळे मिटले.

गाणं पुढच्या कडव्याला आलं. तबल्याची लय जरा वाढली. तेव्हा मी बघितलं, यांचा डावा हात गुडघ्यावर हलायला लागला होता. आधी नुसती बोटं. मग मनगट टेकलं, तळहात पुढे घसरला, दाबला, सुटला. कोपऱ्यातून जो आवाज येत होता तो अगदी त्याच वेळी. यांना स्वतःला कळत नव्हतं हात काय करतोय ते. फाईल बांधणारा, कपबशी धरणारा तो हात माझ्या हॉलमध्ये वाजत होता.

तेवढ्यात नागरत्नाने डोळे उघडले. मान वळवली तर तिला तो दिसला असता. मी साडी बाजूला टाकली, स्टूल उचललं आणि त्या दोघांच्या मधे आणून ठेवलं, आणि तिच्याकडे पाठ करून बसले. पाहुण्याकडे पाठ करून बसू नये हे मलाही कळतं. पण आता तो हात फक्त मला दिसत होता.